पांढऱ्यात पांढरं

मुलगी कारंज्याच्या कठड्यावर बसून नारिंगी आइसकांडी चाटत होती. झालं एवढंच. पार्कात दिवसभर शेकडो पोरं आइसकांड्या चाटतात, कपड्यांवर सांडतात, रडून दुसरी मागतात. त्यात थांबून बघण्यासारखं काही नव्हतं. पण स्वयंपाकघराकडे निघालेली चाळणी जागच्या जागी थांबली, कारण ही मुलगी तिच्या ओळखीची होती. ही म्हणे नुसता उकडलेला बटाटा खाते. कुस्करलेला, गुठळी नको, मीठ नको, वर काही भुरभुरवायचं नाही, पांढऱ्या वाटीत, मागच्या शांत खोलीत, कोपऱ्यातल्या टेबलावर. आणि इथे डोक्यावर रोलर कोस्टरची गाडी खडखडत वळण घेत होती, वरची माणसं जिवाच्या आकांताने ओरडत होती, आणि ही बया हनुवटीवरून नारिंगी रस गाळत, पाय हलवत, स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होती. शेजारी तिचा बाप आइसकांडीचा फाटका कागद हातात धरून उभा होता. चाळणीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. खरं तर ही पाल तिच्याकडे कायमचीच राहायला होती, कधी भिंतीवर, कधी छताला, एवढाच फरक.

चाळणी हे नाव तिला स्वयंपाकघराने ठेवलं होतं. तोंडावर मॅडम, पाठीमागे चाळणी. ते तिच्या कानावर आलं तेव्हा तिला राग यायला हवा होता, पण आतून बरंच वाटलं. चाळणीतून खडा जात नाही. तिचं काम म्हणजे पार्कात येणाऱ्या स्वमग्न मुलांच्या घरच्यांशी आधी फोनवर बोलायचं. मूल काय खातं, कशाला हात लावत नाही, ताटात काय एकमेकांना शिवलेलं चालत नाही, सगळं विचारून घ्यायचं, आणि मंडळी आली की त्यांना रांगेत न ताटकळवता मागच्या खोलीत जसंच्या तसं मांडून द्यायचं. एका मुलाला पाव त्रिकोणीच लागायचा, चौकोनी दिसला की तो टेबलाखाली जाऊन बसायचा. एक मुलगी पंखा बंद केल्याशिवाय तोंड उघडायची नाही. खोली पूर्वी मोडक्या खुर्च्यांची अडगळ होती. चाळणीनेच साहेबांच्या खनपटीला बसून ती रिकामी करवली होती, गुणगुणणारी ट्यूब काढून पिवळा दिवा लावून घेतला होता, जाड पडदे टाकले होते. टेबलं दोनच मावली. साहेबांनी खोली दिली ती नाखुशीनेच, आणि गेल्या आठवड्यात त्यांनी तिला बोलावून सांगितलं होतं, "लोकांना आता वास लागलाय मॅडम. आमचं मूल तसलं आहे म्हटलं की रांग टळते. खोटे निघाले तर मी सरळ खोली बंद करून तिथे टोप्यांचं दुकान टाकणार. डोळे उघडे ठेवा." डोळे उघडे ठेवा, हे चाळणीला सांगावं लागावं म्हणजे कमालच होती. पण तेव्हापासून प्रत्येक फोन ती जरा कान टवकारूनच ऐकू लागली होती.

या मुलीच्या आईचा पहिला फोन तिला आता नव्याने आठवला. इतर आया फोनवर बोलायला लागल्या की थांबत नाहीत. वर्षानुवर्षं कुणी विचारलेलं नसतं, त्या सगळं सांगून टाकतात. ही बाई मोजूनमापून बोलत होती. बटाटा. हो, नुसता. ॲलर्जी नाही, कशाचीच नाही. तेवढंच चालतं तिला. चाळणी नेहमीप्रमाणे म्हणाली होती की वाटी-चमचा घरचा आणा, मुलांना ओळखीचं भांडं लागतं. त्यावर बाई घाईघाईने म्हणाली, "नको, आमच्याकडचं काही नको. सगळं तुमचंच द्या. आणि वाटी तिच्यासमोर तुम्हीच ठेवा हं, मी नाही." आता याला काय म्हणायचं? पुढे असंही म्हणाली होती, की पूर्वी केळं खायची, पण कोणीतरी केळ्यात औषधाची गोळी दडवली, ते तिला कळलं, आणि केळं गेलं ते गेलंच. "आमच्याकडे एकदा गेलेला पदार्थ परत येत नाही," असं म्हणून ती थांबली, आणि मग उगीच "असो" म्हणाली. कोणीतरी म्हणजे कोण? आईला माहीत नाही? घरात काय परकी माणसं येऊन केळी भरवून जातात? चाळणीने तेव्हाच मनात खूण करून ठेवली होती. शिवाय ही मंडळी महिन्यातून दोनदा यायची. पाळण्यात बसायची नाहीत, घसरगुंडीकडे फिरकायची नाहीत. आली की सरळ खोलीत. मुलगी कोपऱ्यातल्या टेबलावर वाटी पुसून खायची आणि तिची आई, म्हणजे सख्खी आई, दुसऱ्या टेबलाशी पाठ करून, हात मांडीवर ठेवून, भिंतीकडे बघत बसायची. पोरीकडे ढुंकूनही बघायची नाही. जणू रेल्वेच्या प्रतीक्षालयात बसली आहे. पार्कात येऊन बटाटा खाणारी माणसं कधी कुणी पाहिली आहेत का? कुठेतरी पाणी मुरत होतं.

ती खोलीकडे आली तर दारात आणखी एक कुटुंब उभं. आधी फोन केलेला नव्हता. मुलगा दोन्ही हातांनी कान दाबून जमिनीवर उकिडवा बसला होता आणि त्याची आई त्याच्यावर आपल्या ओढणीची सावली धरून होती. चाळणीने सांगितलं की एक टेबल भरलं आहे, दुसरं राखलेलं आहे. "थोडा वेळ थांबलो तर?" त्या आईने विचारलं. हे विचारतानाच तिला कळलं असावं की थांबणं मुलाच्याने होणार नाही, कारण उत्तराची वाट न बघता तिने मुलाला काखेत धरून उठवलं आणि ती निघून गेली. मुलगा जाताना ओरडत राहिला. तो आवाज रोलर कोस्टरवरच्या ओरडण्यात मिसळला आणि मग कुठला कुणाचा ते कळेना. चाळणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्यांना खरंच गरज आहे ती माणसं दारातून परत जातात, आणि राखलेलं टेबल कुणासाठी, तर कारंज्यावर आइसकांडी चाटणाऱ्या महाराणीसाठी. साहेब म्हणत होते ते खोटं नव्हतं. या बाईने तिच्या डोळ्यात धूळ फेकली होती आणि तिने, चाळणीने, ती गपगुमान फेकू दिली होती. हे जास्त झोंबलं.

कारण तिला आजवर कुणी फसवू शकलं नव्हतं. म्हणजे, एकदा सोडून. लहानपणी ती तापाने अंथरुणाला खिळली होती. आई दुधाचा पेला घेऊन आली. नुसतं दूध आहे गं, साखर जास्त घातलीय तुझ्यासाठी, पी. आईचा आवाज त्या दिवशी फार गोड होता, आणि तेवढ्यावरूनच संशय यायला हवा होता, पण तेव्हा संशय नावाची चीज तिच्याकडे नव्हती. ती गटागटा प्यायली. तळाला कडू लागलं. पांढऱ्यात पांढरी भुकटी, अर्धी विरघळलेली, जिभेला चिकटलेली. तिने आईकडे पाहिलं. आई पदराने तिचं तोंड पुसत म्हणाली, "कुठे काय, काही नाही." गोळीचं तिला कधीच काही वाटलं नाही, ताप उतरला, ती बरी झाली. पण ते "काही नाही" तिच्या जिभेवर राहिलं. पुढे दूध सुटलं. मग प्रत्येक गोष्ट नाकाशी नेऊन मगच तोंडात घालायची सवय लागली. आई वैतागायची, ताट हुंगतेस काय मांजरासारखी. लग्नानंतर नवऱ्याला मौज वाटली. तो अजूनही तिच्या हातात कोऱ्या चहाचा कप देताना म्हणतो, "हुंग बाई, हुंग. घालायचंच झालं तर आधी सांगून घालीन." ती हसते आणि हुंगते. शेवटी शेवटी आई तिच्याकडेच येऊन राहिली होती, तेव्हा आईच्या गोळ्या तीच द्यायची. तिने एकही गोळी कशात मिसळली नाही. तळहातावर ठेवायची, दाखवायची, सांगायची, ही गोळी, कडू आहे, घे. आई तोंड वाकडं करायची. "साखरेत घाल की गं जराशी," असं स्वतःच म्हणायची. चाळणीने घातली नाही. त्यात आईची सेवा किती होती आणि सूड किती, हा हिशेब तिने कधी केला नाही.

हे सगळं तिला बटाटा कुस्करताना आठवत होतं, आणि आठवत असूनही तिचा हात चालला होता, याचं तिला पुढे फार नवल वाटायचं होतं. बटाटा ती नेहमी स्वतः करायची. गरम असतानाच सोलायचा, जाळीवर घासायचा, थोडं कोमट पाणी. आज तिने शेजारच्या पातेल्यातून फ्लॉवरचे दोन उकडलेले तुरे काढले, पिळले, आणि जाळीवर त्याच हाताने घासले. पांढऱ्यात पांढरं. ढवळल्यावर तिला स्वतःलाही वेगळं दिसेना. फ्लॉवरने कुणाचं काही बिघडत नाही. ॲलर्जी नाही म्हणून बाईने स्वतः सांगितलेलं. खाल्लं तर पोटाला चांगलंच. आणि खाल्लं, चाटूनपुसून खाल्लं, तर सोक्षमोक्ष. मग त्या बाईला शांतपणे सांगता येईल की पुढच्या वेळी बाहेर सगळ्यांसोबत बसा. आचारी पलीकडे कढई घासून घेत होता. तो म्हणाला, "मॅडम, त्या पोरीची वाटी ना ही? फ्लॉवर कशाला?"

"असू दे थोडा. पोटाला बरा असतो."

"तिच्या आईने सांगितलं?"

"तू तुझं काम कर की," ती म्हणाली. आचाऱ्याने तिच्याकडे पाहिलं. तशा नजरेने ती इतरांकडे बघायची. तिच्याकडे तसं कुणी पाहिलेलं तिला आठवत नव्हतं. तिने वाटीचा काठ फडक्याने पुसला आणि ती निघाली.

खोलीत सगळं नेहमीसारखं होतं. पिवळा दिवा, जाड पडदे, बाहेरचा कल्लोळ पाण्याखालून यावा तसा. दुसऱ्या टेबलावरचं कुटुंब उठून गेलं होतं आणि तिथे मुलीची आई पाठ करून बसली होती. बाप दाराबाहेर. मुलगी कोपऱ्यात, दोन्ही तळवे टेबलावर पालथे. हनुवटीवर नारिंगी डाग अजून ओला होता. चाळणीने वाटी ठेवली, चमचा उजवीकडे ठेवला. मुलीने तिच्याकडे पाहिलं नाही, ती कधीच बघत नसे. पण वाटी येताच ती जराशी पुढे सरकली, खांदे खाली आले, गुणगुणणं सुरू झालं. चाळणीला एकदम असं वाटलं की वाटी उचलावी. सांडल्याचं नाटक करावं, दुसरी आणते म्हणावं. अजून वेळ होता. तेवढ्यात तिची नजर त्या नारिंगी डागावर गेली आणि ती हात बांधून उभी राहिली.

मुलीने चमचा भरला, तोंडात घातला, आणि गुणगुणणं थांबलं. चाळणी आरडाओरड्याची वाट बघत होती. खरी असेल तर ओरडेल, वाटी भिरकावेल. खोटी असेल तर खाईल. या दोनच गोष्टी तिने धरल्या होत्या. मुलीने दोन्हींतली एकही केली नाही. ती तोंड तसंच ठेवून बसली, न गिळता, न थुंकता. मग तिने वाटी नाकाशी नेली. वास घेतला. पुन्हा घेतला, डोळे मिटून, हळू, तळापर्यंत. हे हुंगणं चाळणीच्या ओळखीचं होतं. नाकपुड्यांचं ते लहानसं हलणं, मान किंचित मागे, जीभ टाळूला लावून थांबणं. आरशात कधी पाहिलेलं नसलं तरी आतून तिला ते पाठ होतं. मुलीने तोंडातला घास तळहातावर काढला, टेबलावर ठेवला, जीभ बाहीला पुसली. नंतर तिने वाटी एका बोटाने ढकलायला सुरुवात केली. सावकाश, टेबलाच्या अगदी कडेपर्यंत, आणि पडू न देता तिथे सोडून दिली. मग तिने पहिल्यांदाच मान वर करून चाळणीकडे सरळ पाहिलं. त्या बघण्यात राग नव्हता. दूध प्यायल्यावर आपण आईकडे असंच पाहिलं असणार, हे चाळणीला कळलं.

गुणगुणणं थांबल्याचं आईला पाठमोरीच कळलं होतं. ती उठून आली. टेबलावरचा घास तिने बोटाने उचलून जिभेवर ठेवला.

"काय झालं?" तिने विचारलं.

"कुठे काय, काही नाही," चाळणी म्हणाली. शब्द आपोआप आले, तेच, त्याच चालीत. मग तिने मान खाली घातली. "फ्लॉवर होता. थोडासा. मी घातला."

बाई ओरडेल, साहेबांकडे जाईल, चारचौघांत उद्धार करेल, असं चाळणीला वाटलं, आणि तसं झालं तर बरं होईल असंही वाटलं. बाई खुर्चीवर बसली.

"का?"

"बाहेर आइसकांडी खात होती. मला वाटलं..."

"बंद असते ना ती," बाई म्हणाली. "कागद ती स्वतः फाडते. बिस्किटंही तशीच, पुडा स्वतः फोडते. बंद पाकिटातलं कुणी काही घातलेलं नसतं, हे तिला माहीत आहे." तिने कडेला आलेली वाटी आत ओढली. "केळ्यात गोळी मीच घातली होती. फोनवर मी कोणीतरी म्हणते. सगळ्यांना तसंच सांगते. डॉक्टर म्हणाले होते कसंही करून द्या, मग मी दिली. तेव्हापासून ती माझ्या हातचं काही खात नाही. मी रांधलेलं नाही, मी वाढलेलं नाही, मी बघत असले तरी नाही, घरात तिच्या बाबांनी केलेलंही नाही. शिजवलेलं गरम असं तिच्या पोटात फक्त इथे जायचं. बाहेर नुसता बटाटा मागितला की लोक हसतात. तुम्ही हसला नाहीत. आम्ही पाळण्यांसाठी येत नव्हतो हो."

मोजून बोलणारी बाई एवढं एका दमात बोलली होती. तिची पाठ, तिचे मांडीवरचे हात, तुमचंच भांडं द्या, तुम्हीच ठेवा, फोनवरचं ते "असो". एकेक गोष्ट येऊन आपापल्या जागी बसत होती आणि चाळणीला त्यातली एकही नको होती. "मी दुसरा करते," ती शेवटी म्हणाली. "तिच्यासमोर करते. बटाटा तिलाच निवडू द्या, तिच्यासमोर सोलते, इथेच, या टेबलावर."

"करून बघा," बाई म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता.

चाळणीने केलं. उकडलेले बटाटे सालासकट आणले, ताटात ठेवले, बोटं भाजत एक सोलला, रिकामी वाटी मुलीला आतून-बाहेरून दाखवली. ही वाटी, हा बटाटा, दुसरं काही नाही, असं ती म्हणत होती, आणि आपला आवाज फार गोड येतो आहे हे तिला ऐकू येत होतं. मुलगी भिंतीकडे तोंड करून बसली होती. वाफ हळूहळू कमी झाली, बटाट्यावर पातळ साय धरली. बाईने मुलीची पिशवी उचलली.

"चला," ती म्हणाली. आणि दारात थांबून, मागे न बघता, "साहेबांना मी काही सांगणार नाही. खोली बंद करतील. दुसऱ्यांना लागते," असं म्हणाली.

ते गेल्यावर चाळणीने पडदा बाजूला केला. या खोलीच्या खिडकीतून कारंजं दिसतं हे ती विसरूनच गेली होती. पडदे लावल्यापासून कुणी उघडलेच नव्हते. ऊन डोळ्यांवर आलं. कठड्यापाशी ती तिघं थांबली होती. बाई चार पावलं दूर, पाठ करून. बापाने आणखी एक आइसकांडी घेतली आणि बंद, तशीच मुलीच्या हातात दिली. मुलीने कागद ओढला, फाडला, बापाकडे दिला. सगळं मघासारखं. चाळणी बघत होती. मुलीने आइसकांडी तोंडाशी नेता नेता वाटेत थांबवली आणि नाकाशी धरली.

चाट, चाळणी मनात म्हणाली. चाट गं, त्यात काही नाही. त्यात खरंच काही नाही.

बाईने मागे वळून पाहिलं, आणि लगेच मान फिरवली. रोलर कोस्टरची गाडी वरून खडखडत गेली, पुन्हा आली, पुन्हा गेली. मुलगी अजून वास घेत होती. नारिंगी पाणी तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत आलं होतं.